मर्ल ओबेरॉन : मुंबईत जन्मलेली, पडद्यावर जन्मभर 'गोरी' राहिलेली नटी. हे नेमकं जमवलं कसं?

जुनीरीळ

मर्ल ओबेरॉनवर मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्याचा सूर ठरलेला असतो : मुंबईची मुलगी हॉलिवूडला गेली, जात-जन्म लपवला, मोठी झाली. पण हे लपवणं एकदा खोटं बोलून भागण्यासारखं नव्हतं. १९३० च्या सुमारापासून १९७९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, ते रोज निभावायचं काम होतं. त्यात कागदपत्रं आली, नाव आलं, उच्चार, मेकअप, दिवे, स्टुडिओचं प्रसिद्धी खातं, घरातली माणसं, सगळंच आलं. या धाग्यात त्या 'कसं'बद्दल बोलावं असं वाटतं. ज्याला ज्यातलं ठाऊक आहे त्याने ते सविस्तर लिहावं.

आधी थोडक्यात चरित्र. १९ फेब्रुवारी १९११ ला मुंबईत जन्म. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. घरात 'क्वीनी', कारण त्याच वर्षी पंचम जॉर्जबरोबर राणी मेरी हिंदुस्थानात आली होती. वडील आर्थर थॉम्पसन इंग्लंडातल्या डार्लिंग्टनचे, इथे रेल्वेत इंजिनिअर. जिला आई म्हणत ती वाढली ती शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची, मिश्र वंशाची. १९१७ मध्ये कलकत्ता. ला मार्टिनिअर शाळेत मिश्र वंशावरून मुलींनी टोचून टोचून नकोसं केलं आणि शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आणि हौशी नाटकमंडळी. तिथून फ्रान्सात नीसला दिग्दर्शक रेक्स इंग्रमकडे किरकोळ कामं, आणि पुढे लंडन.

लंडनमध्ये निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला हेरलं. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये अॅन बुलीनचं अगदी छोटं काम मिळालं, पण ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. १९३४ मध्ये 'द स्कार्लेट पिम्पर्नेल', १९३५ मध्ये हॉलिवूडचा निर्माता सॅम्युअल गोल्डविनचा 'द डार्क एंजल' आणि त्यासाठी सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन, १९३९ मध्ये 'वदरिंग हाइट्स'. अधिकृत जन्मस्थान मात्र शेवटपर्यंत टास्मानिया, हे ऑस्ट्रेलियाचं बेट.

---

तळटीप

चांगला विषय. तिला 'खोटारडी' म्हणून मोकळं होणाऱ्यांसाठी आधी कायद्याची बाजू मांडतो, कारण बाकीची सगळी खटपट त्यातून आली.

१. १९१७ च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्याने आशियाचा मोठा पट्टा 'प्रतिबंधित क्षेत्र' ठरवला. हिंदुस्थान त्यात होता.

२. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता 'गोरा' नाही. आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा त्यानंतर काढून घेतली गेली.

३. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले आणि माणूस कुठल्या कोट्यात बसतो हे जन्मस्थानावर ठरवलं. शिवाय जो वंशाने नागरिकत्वाला अपात्र, त्याला कायमचं राहायला येताच येत नव्हतं. निम्मं रक्त युरोपीय असलेल्यांनाही कोर्टांनी 'गोरं' मानायला नकार दिल्याचे निकाल आहेत.

हिंदुस्थान्यांना नागरिकत्वाचा रस्ता उघडला तो थेट जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने, तोही वर्षाला १०० माणसांच्या कोट्यावर. मर्लचा ऐन भराचा काळ तोवर संपत आला होता.

आता सिनेमाचा अंतर्गत नियम बघा. निर्मात्यांची आचारसंहिता १९३० मध्ये आली आणि १९३४ पासून चित्रपट तपासणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने ती कडकपणे लावली. गोऱ्या आणि काळ्या वंशातले शरीरसंबंध दाखवायला त्यात मनाई होती आणि ते कलम १९५६ मध्ये निघालं. कलमाचे शब्द काळ्या-गोऱ्यांपुरते असले तरी आशियाई नट्यांनाही त्याची झळ बसत होती. 'द गुड अर्थ' (१९३७) आठवा. नायकाचं काम गोऱ्या पॉल म्युनीला गेल्यावर त्याची चिनी बायको म्हणून खऱ्या चिनी वंशाच्या अॅना मे वाँगला घेणं अशक्य झालं. ते काम लुइसे रायनरने चेहरा रंगवून केलं आणि तिला ऑस्कर मिळालं. वाँगचा जन्म लॉस एंजेलिसचा, पडद्यावरचा अनुभव दांडगा, आणि तरी ही गत. जन्म मुंबईचा असं मर्लने उघड सांगितलं असतं तर लेस्ली हॉवर्ड किंवा लॉरेन्स ऑलिव्हिए अशा गोऱ्या नायकांसमोर नायिका म्हणून ती उभी राहूच शकली नसती. नर्तकी, दासी, खलनायकाची रखेल, एवढीच कामं उरली असती.

---

दप्तरखाना

टास्मानियाच का, हा प्रश्न नेहमी येतो. रचना म्हणून बघितलं तर निवड फार विचाराने केलेली दिसते.

ब्रिटिश साम्राज्यातला पण लंडन-न्यूयॉर्कहून अतिशय लांबचा मुलूख. लोकवस्ती गोऱ्यांची मानली जाणारी. तिथून आलेला माणूस हॉलिवूडमध्ये सहसा भेटायचा नाही, त्यामुळे 'तुम्ही कुठल्या गल्लीतल्या?' असं विचारणारं कोणी नाही. आणि तिथल्या राजधानीतल्या, होबार्टच्या, जुन्या नोंदी आगीत गेल्या हे उत्तर तयारच होतं.

हिंदुस्थान कथेतून पूर्ण वगळला नव्हता, हेही पाहा. वडील अधिकारी होते, लवकर वारले, मग मुलगी हिंदुस्थानात बड्या पालकांकडे वाढली, असं सांगितलं जायचं. कलकत्त्यात तिला ओळखणारे ढिगाने होते. त्यांच्यातला कोणी पुढे आला तरी 'हो, लहानपणी होते तिथे' म्हणता यावं एवढी फट ठेवलेली होती. नुसता जन्म हलवला.

आता हे उघडं कसं पडलं. ब्रिटिश राजवटीतल्या ख्रिस्ती कुटुंबाची नोंद एकाच जागी राहत नसे. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या रजिस्टरमध्ये व्हायची, तिची नक्कल वरच्या धर्मपीठाकडे जायची आणि तिथून लंडनला इंडिया ऑफिसकडे. ती रजिस्टरं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत : बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई इलाखा एन/३. महापालिकेचं जन्म-मृत्यू रजिस्टर याहून वेगळं. होबार्टमध्ये आग लागली असेल-नसेल, मुंबईतल्या कागदाला तिने काही फरक पडत नव्हता.

कोणाला अशा घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर चुका साधारण या होतात :

- अनुक्रमणिका बाप्तिस्म्याच्या तारखेने लावलेली असते. जन्मतारखेने शोधणारा हमखास चुकतो. जन्मानंतरची किमान दोन वर्षं चाळावीत.
- थॉम्पसनचं थॉमसन, सेल्बीचं सेल्बे. 'पी' आणि शेवटचं अक्षर सोडून शोधावं.
- कॅथलिक चर्चच्या नकला लंडनला गेल्याच असतील असं नाही. त्यासाठी मूळ चर्च गाठावं लागतं.
- बाप्तिस्म्याच्या वहीत आईबापांची नावं पाद्री सांगितली तशी लिहायचा. तपासणी काही नव्हती.

हा शेवटचा मुद्दा मर्लच्या बाबतीत कळीचा आहे. १९८३ च्या चरित्राने जन्म मुंबईचा असल्याचं जगासमोर आणलं, पण त्यातही आई म्हणून शार्लटच होती. पुढे २००२ च्या ऑस्ट्रेलियन माहितीपटात दुसरी गाठ सुटली. मुंबईतल्या जन्मदाखल्यावर आईचं नाव होतं कॉन्स्टन्स. म्हणजे शार्लटची मुलगी, जिला मर्ल जन्मभर बहीण समजत होती. मर्लच्या जन्माच्या वेळी कॉन्स्टन्स स्वतःच बारा-चौदा वर्षांची पोर होती. शार्लटने नातीला मुलगी म्हणून वाढवलं. हा दाखला कॉन्स्टन्सच्या मुलानेच मिळवला होता. तो अमेरिकेत मर्लला भेटायला गेला तेव्हा तिने भेट नाकारली, आणि त्यानंतरही त्याने चरित्रकारांना काही सांगितलं नाही.

---

शेवंती

दप्तरखाना, अतिशय नेमकं लिहिलंत. शेवटचा परिच्छेद वाचून मन विषण्ण झालं. टास्मानियाच्या खोट्यामागे मुंबईतच दुसरं खोटं होतं, आणि ते मर्लचं नव्हतंच. बारा-चौदा वर्षांच्या पोरीवर जे लादलं गेलं ते झाकायला घरातल्या बायकांनी रचलेलं होतं.

शार्लटला लंडनमध्ये पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून दाखवलं जायचं, हे खरं आहे का? की नंतर चिकटलेली गोष्ट?

---

जुनीरीळ

शेवंती, ही गोष्ट चरित्रकारांनी दिली आहे. शार्लटचा वर्ण सावळा होता आणि ती लेकीबरोबरच राहायची. कलकत्त्यात असताना तिला पाहूनच एका अमेरिकन मित्राने मर्लशी संबंध तोडला होता, पण जाता जाता रेक्स इंग्रमकडे शब्द टाकला. लंडनला आल्यावर दार उघडणारी, चहा आणून देणारी बाई म्हणून आई घरात राहू शकली. १९३७ मध्ये ती वारली.

पुढे १९४९ मध्ये मर्लने आईच्या जुन्या फोटोवरून तैलचित्र करून घेतलं आणि चित्रकाराला त्वचेचा रंग उजळ ठेवायला सांगितलं. ते तिच्या घरात तिच्या मरणापर्यंत भिंतीवर होतं.

---

प्रकाशमापक

कॅमेऱ्याची बाजू मी मांडतो. लोक 'मेकअप थापला' म्हणून सोडून देतात, पण मेकअप यातला लहान भाग आहे.

आधी फिल्म. मूकपटांच्या बऱ्याच काळात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरायचे. तिला लाल रंग जवळपास दिसतच नाही. लाल, तपकिरी, पिवळसर जे काही असेल ते काळपट उमटतं. गव्हाळ कातडी त्या फिल्मवर आहे त्याहून कितीतरी गडद दिसायची, गोऱ्यांच्याही चेहऱ्यावरचे वांग-तीळ उठून यायचे, म्हणून पांढुरका जाड थर लावावा लागे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि १९३० पर्यंत तिने जम बसवला. ती लाल रंगालाही संवेदनशील. त्यातच बोलपटांमुळे आवाज करणारे आर्क दिवे मागे पडून टंगस्टनचे दिवे आले, ज्यांच्या प्रकाशात लाल भाग भरपूर. या दोन्हींचा एकत्र परिणाम असा की उबदार छटेची त्वचा फिल्मवर पूर्वीपेक्षा बरीच फिकी उमटू लागली. मर्ल १९३२-३३ मध्ये ठळक कामांत कॅमेऱ्यासमोर आली. दहा वर्षं आधी आली असती तर हेच काम फार जड गेलं असतं.

दुसरं, दिव्यांची जागा. मुख्य दिवा बाजूने आणि वरून मारला तर गालाची हाडं, डोळ्यांखालची छटा, नाकाची सावली उठून येते. मुख्य आणि पूरक प्रकाशाचं प्रमाण ४:१ असेल तर चेहऱ्याची निम्मी बाजू गडद. तेच २:१ च्या खाली आणून दिवा समोर घेतला की चेहरा सपाट, एकसंध, उजळ. त्यावर एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) चेहऱ्याला झुकतं ठेवलं की झालं. गोल्डविनकडे 'द डार्क एंजल'पासून 'वदरिंग हाइट्स'पर्यंत तिचा कॅमेरामन ग्रेग टोलंड होता. 'वदरिंग हाइट्स'चं कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्कर त्यालाच मिळालं. त्याने तिला नुसती पांढरी केली नाही हे त्याचं मोठेपण. काळे केस पार्श्वभूमीपासून सुटावेत म्हणून मागून कडेचा प्रकाश, आणि चेहऱ्यावर मऊ. त्यामुळे त्वचा उजळ असूनही चेहरा मेलेला वाटत नाही.

तिसरं, 'ओबी'. हा दिवा तिच्याच नावाने ओळखला जातो आणि आजही सेटवर हा शब्द चालतो.

१९३७ मध्ये लंडनमध्ये तिच्या गाडीला अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या. तेव्हा चालू असलेला जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'आय, क्लॉडियस' त्यानंतर बंदच पडला. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची बाधा आणि सल्फा औषधांची अॅलर्जी एकत्र आली आणि गालांवर खड्डे पडले. न्यूयॉर्कला त्वचा घासून काढण्याचे उपचार झाले, पण गुण अर्धाच आला. 'द लॉजर' (१९४४) करताना कॅमेरामन लूसियन बॅलर्डने उपाय काढला : छोटा दिवा कॅमेऱ्यावरच, भिंगाच्या अगदी लगत.

हे का चालतं, ते कळायला हवं. कातडीवरचा खड्डा दिसतो तो त्याच्या आतल्या सावलीमुळे. प्रकाश बाजूने आला की खड्ड्याची एक कड अंधारात जाते. प्रकाश भिंगाच्याच दिशेने आला की सावली उंचवट्याच्या बरोबर मागे पडते आणि कॅमेऱ्याला ती दिसू शकत नाही. खड्डा असतो तिथेच, पण फिल्मवर नसतो. शिवाय डोळ्यांत लहानसा चमकता ठिपका येतो, तो वेगळा फायदा.

यात बिघडतं ते असं :

- दिवा भिंगापासून फुटभर जरी सरकला तरी परिणाम ओसरतो. जितका लगत तितका चांगला.
- कॅमेरा ट्रॉलीवरून पुढे गेला की दिवाही पुढे जातो. ८ फुटांवरून ४ फुटांवर आलात की प्रकाश चौपट, म्हणजे पूर्ण २ स्टॉप. चेहरा भाजल्यासारखा पांढरा होतो. चालत्या शॉटमध्ये कोणीतरी तो हळूहळू कमी करत राहायला हवं. कृष्णधवलमध्ये डिमर चालतो, रंगीतमध्ये डिमर लावला की प्रकाश पिवळा-तांबडा होतो, म्हणून तिथे जाळ्या किंवा झडपा.
- ओबी मुख्य दिव्यापेक्षा जोरात ठेवला की पासपोर्ट फोटोसारखा चपटा चेहरा. तो मुख्य दिव्याच्या खालीच राहिला पाहिजे.
- मागे काच, पितळ, चकचकीत दार असेल तर थेट परावर्तन भिंगात येतं.

१९४५ मध्ये मर्ल आणि बॅलर्डचं लग्न झालं, १९४९ पर्यंत टिकलं. मधल्या काळातले तिचे बरेच चित्रपट त्यानेच चित्रित केले.

---

ध्वनिलहर

प्रकाशमापक यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. आवाजाबद्दल मी भर घालतो, कारण ती बोलपटाची नटी. चेहरा दिव्यांनी सांभाळता येतो, तोंड उघडल्यावर काय?

अँग्लो-इंडियन इंग्रजीला गोऱ्या साहेबांचे लोक 'ची-ची' म्हणून हिणवत. मराठी माणसाला यातले फरक चटकन कळतील. एक, आपण इंग्रजीतला टी, डी म्हणताना जीभ मागे वळवून ट, ड म्हणतो. इंग्रज जिभेचं टोक दातांच्या मागच्या हिरडीला लावतो, त्यामुळे त्याचा आवाज आपल्या ट आणि त यांच्या मधला असतो. दोन, शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, केमध्ये इंग्रज हवेचा झोत सोडतो, आपण सोडत नाही. तीन, व्ही आणि डब्ल्यू आपल्याकडे एकच 'व'. चार, ताल. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर आणि बाकीची गिळलेली, आपल्याकडे सगळ्या अक्षरांना सारखं माप. हा चौथा फरक सर्वांत चिवट, कारण घाईत आणि रागात तो परत येतो. नटाला तर रागाचे प्रसंग करावेच लागतात.

'द स्कार्लेट पिम्पर्नेल'मधलं तिचं बोलणं ऐका. शब्द अतिशय स्वच्छ, जवळजवळ जास्तच स्वच्छ, प्रत्येक शेवटचं व्यंजन पूर्ण. जन्मजात बोलणारा इतकं निगुतीने बोलत नाही. 'वदरिंग हाइट्स'मध्ये ते बरंच सैल झालंय, आणि तिथे ती ओरडतेही. माझ्या मते तिच्या कामातला सर्वांत कमी दाद मिळालेला भाग हा आहे.

---

इम्पिरियल_गल्ली

थोडं अवांतर, पण संबंध आहे. त्याच काळात मुंबईत बरोबर उलट दिशेचा प्रवास चालू होता.

मूकपटात काम करायला 'चांगल्या घरच्या' हिंदू-मुसलमान बायका पुढे येत नव्हत्या. ती जागा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी घेतली, आणि त्यांना हिंदू नावं दिली गेली. पुण्यात जन्मलेल्या ज्यू रूबी मायर्सची सुलोचना झाली. रेने स्मिथची सीता देवी झाली आणि 'द लाइट ऑफ एशिया' (१९२५), 'शिराज' (१९२८), 'अ थ्रो ऑफ डाइस' (१९२९) मध्ये ती दिसली. मूकपटात नाव आणि पोशाख बदलला की काम भागायचं.

योगायोग असा की सुलोचनाही चित्रपटात येण्याआधी टेलिफोन ऑपरेटर होती. १९२६ च्या तिच्या एका चित्रपटाचं नावच 'टेलिफोन गर्ल'. मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि या मुलींचं हिंदुस्थानी आडवं आलं. सुलोचना थांबली, भाषा शिकली आणि 'माधुरी', 'इंदिरा एम.ए.', 'अनारकली' हे आपल्याच मूकपटांचे बोलपट करून परतली. सीता देवीला ते जमलं नाही. १९७३ चा फाळके पुरस्कार सुलोचनाला मिळाला.

फरक एवढा मोठा की सुलोचना ही रूबी मायर्स आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असायचं. ते कळल्याने तिचं काम गेलं नाही. तिला आईला लपवावं लागलं नाही.

---

शेवंती

इम्पिरियल_गल्ली, शेवटच्या वाक्यावरच माझं अडतंय. कायदे वाईट होते हे पूर्ण मान्य. पण मर्लने १९४६ नंतर, १९५६ नंतर, पैसा-नाव सगळं असताना तरी बोलायला हवं होतं. अगदी १९७८ मध्ये सुद्धा नाही बोलली.

---

तळटीप

शेवंती, १९७८ चा प्रसंग नीट पाहू. ती होबार्टला गेली. 'आमची मुलगी' म्हणून नगरभवनात महापौरांचा स्वागतसमारंभ ठेवलेला. तिथे तिने आपला जन्म टास्मानियाचा नाही असं सांगितल्याचं नोंदलं आहे, आणि मग प्रकृतीचं कारण सांगून ती उठून गेली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, पक्षाघाताने वारली.

तिकडच्या लोकांनी तोवर तिला आपलीशी केलेली होती. सेंट हेलेन्स गावातल्या लॉटी चिनटॉक नावाच्या चिनी वंशाच्या बाईची ती मुलगी, अशी एक स्वतंत्र दंतकथाच तिथे तयार झाली होती आणि कागद दाखवल्यावरही काही लोक ती सोडायला तयार नव्हते. स्टुडिओने रचलेली कथा चाळीस वर्षांत लोकांची झाली. ती मागे घेणं आता तिच्या एकटीच्या हातात उरलेलं नव्हतं.

न लपवणाऱ्याचं काय व्हायचं, तेही याच काळात दिसतं. फ्रेडी वॉशिंग्टन. गोरी म्हणून सहज खपली असती अशी काळी अभिनेत्री. १९३४ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये तिने गोरी म्हणून वावरणाऱ्या मुलीचं काम केलं आणि प्रत्यक्षात तसं करायला ठाम नकार दिला. त्याआधी 'द एम्परर जोन्स' (१९३३) मध्ये काळा नट पॉल रोबसनबरोबर ती गोरी बाई वाटेल या भीतीने तिचा चेहरा मेकअपने काळा करायला लावला होता. तिला मर्लसारखी कामं कधीच मिळाली नाहीत. १९३७ नंतर चित्रपट संपले, ती कृष्णवर्णीय कलावंतांच्या संघटनेच्या उभारणीत गेली. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण तिचं उदाहरण देऊन मर्लला कमी लेखणं मला पटत नाही. एकीचं काम गेलं, दुसरीची आई गेली, आणि दोन्ही हिरावणारे तेच होते.

---

शेवंती

मुद्दा पोचला. तरी त्या तैलचित्राचं मला काही केल्या पचत नाही. घराच्या आत, कोणी परका बघत नसताना, तिथेही रंग उजळच हवा होता. तिथे कुठला कायदा आड येत होता?

---

जुनीरीळ

शेवंती, तुमच्या या प्रश्नाला कायद्याने उत्तर देता येत नाही, हे खरंय. घर मात्र पूर्ण खाजगी नव्हतं. हॉलिवूडच्या तारकेच्या दिवाणखान्यात मासिकांचे फोटोग्राफर यायचे, निर्माते यायचे. सावळ्या बाईचं चित्र भिंतीवर म्हणजे रोज एक प्रश्न. चित्र लावायचंच नाही हा सोपा मार्ग होता. तो तिने घेतला नाही. आई भिंतीवर हवी होती, आणि ज्या एका रूपात ती तिथे राहू शकत होती त्या रूपात तिने ती ठेवली. त्यात क्रौर्य आहेच. माया नव्हती असं मात्र मला म्हणवत नाही.

प्रसिद्धी खात्याबद्दल एक राहून गेलं. सुरुवातीला तिला 'पौर्वात्य' वळणानेच विकलं जात होतं : तिरके डोळे रेखायचे, केस चपटे लावायचे. १९३४ च्या 'द बॅटल'मध्ये तर तिला जपानी सरदारपत्नी बनवलं. आशियाई रक्ताची नटी, गोरी समजली जाणारी, मेकअपने पुन्हा आशियाई केलेली. गोल्डविनने १९३५ मध्ये हे उलटवलं. 'द डार्क एंजल'मध्ये साधे केस, भुवया नैसर्गिक, इंग्लिश खेड्यातली मुलगी. आधीची वार्ताहरमंडळी 'ही बाई अशी साधी दिसूच शकत नाही' म्हणत होती, आणि नामांकन त्याच भूमिकेला मिळालं. पुरस्कार बेट डेव्हिसला गेला. २०२३ मध्ये मिशेल यो यांना नामांकन मिळालं तेव्हा 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' अशी शब्दयोजना काही ठिकाणी करावी लागली ती याच १९३५ च्या नामांकनामुळे.

---

इम्पिरियल_गल्ली

'वदरिंग हाइट्स'बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून : मूळ कादंबरीत नायक हीथक्लिफ सावळा आहे आणि तो लास्कराचा पोर असावा असा तर्क एक पात्र करतं. लास्कर म्हणजे ब्रिटिश जहाजांवरचे हिंदी खलाशी, ज्यांत आपल्या रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. चित्रपटात हीथक्लिफ झाला गोरा ऑलिव्हिए, आणि मुंबईत जन्मलेली मर्ल झाली गोरी नायिका कॅथी. हे ठाऊक ठेवून तो चित्रपट बघितला की तिचं 'मीच हीथक्लिफ आहे' हे वाक्य वेगळंच अंगावर येतं.

---

नवावाचक

सगळे प्रतिसाद वाचून काढले. यातलं काहीच पाहिलेलं नाही. कुठून सुरुवात करू? आणि इंटरनेटवरच्या प्रती चालतील का?

---

प्रकाशमापक

नवावाचक, 'द डार्क एंजल', मग 'दीज थ्री' (१९३६), 'वदरिंग हाइट्स', आणि शेवटी 'द लॉजर'. पहिल्या तिन्हींत टोलंड आहे, त्यामुळे एकाच कॅमेरामनने पाच वर्षांत तिचा चेहरा कसकसा हाताळला ते ओळीने दिसेल. मधे जमलं तर 'द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स' (१९३८) बघा. तो टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत आहे, तिथे करड्या छटांचा आडोसा नाही आणि मेकअपवर किती भार पडलाय ते कळतं.

प्रतींबद्दल सावध राहा. 'हेन्री द एट्थ' आणि 'पिम्पर्नेल'च्या नकलेच्या नकला सगळीकडे फिरतात. प्रत्येक नकलेत कॉन्ट्रास्ट वाढतो, मधल्या करड्या छटा जातात, चेहरा चुन्यासारखा पांढरा होतो. ते पाहून 'किती थापलाय' म्हणू नका, तो दोष प्रतीचा आहे. पारख सोपी : तिच्या कपाळावर आणि पांढऱ्या कॉलरमध्ये फरक दिसतो का बघा. दोन्ही एकच पांढरं असेल तर प्रत बाद, मूळ निगेटिव्हवरून साफ केलेली शोधा.

'द लॉजर'मध्ये तिचे जवळचे शॉट आले की थांबवून बुबुळं पाहा. बुबुळाच्या मधोमध, किंचित वर, बारीक चमकता ठिपका दिसला तर तो ओबी. त्यातला दुसरा मुख्य नट लेअर्ड क्रेगर, त्याच्या चेहऱ्यावर त्याच खोलीत खालून-बाजूने कडक सावल्या आहेत, आणि ती दोन पावलांवर उभी असून तिच्या गालावर सावलीचा मागमूस नाही.